हो, नाही, माहीत नाही

गुरुवारी दुपारी फोन आला तेव्हा
मी पडवीत जाळं शिवत होतो,
पायाच्या अंगठ्यात दोर, दातांत सुतळीचं टोक.
बंदीचा जुलै. होडी झापांखाली.
रुंजी पाठीवर चढून
माझ्या कानात बोट घालत होती.

राष्ट्रीय सर्वेक्षण, बाई म्हणाल्या,
लहान मुलांच्या लसी, दहा मिनिटं लागतील,
बोलणं रेकॉर्ड होईल.
आवाज कोवळा, मराठी पुस्तकातलं.
तिच्या मागे आणखी वीसेक जणी
वीसेक घरांना हेच विचारत होत्या.

घरात मुलीच्या लसींची
सर्वांत जास्त माहिती कोणाला?
प्रणिता कोळंबीच्या फॅक्टरीत, सातला येते.
दारात एक मांजर होतं.
मी म्हणालो, मलाच.

जन्मतारीख सांगितली. ती चुकणार नाही,
त्या दिवशी आम्ही बाहेर होतो, वारा उलटा,
दाभोळच्या दुसऱ्या एका बोटीने
वायरलेसवर ओरडून सांगितलं: मुलगी, मुलगी.
कार्ड समोर आहे का?
आहे, म्हणालो.
कार्ड आत, पत्र्याच्या डब्यात,
होडीच्या परवान्याखाली कुठेतरी.
इंजिनाचं तेल कधी बदललं, विचारलं असतं तर
तारीख, वार, मिस्त्रीचं नाव, सगळं दिलं असतं.

गोवर-रुबेलाचा दुसरा डोस?
हो, नाही, माहीत नाही.
तिने तिन्ही शब्द एकाच मापाचे टाकले.
आता, खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर
तांडेल विचारतो, पाणी किती?
तिथे माहीत नाही म्हणणारा
दुसऱ्या दिवशी होडीवर नसतो.
सवय ती.
हो, म्हणालो.
पलीकडे टिक्.

लस कुठे घेतली? सरकारी, खासगी, इतर?
सरकारी. तिला तेवढंच हवं होतं.
मला सांगायचं होतं की पहिल्या खेपेला
वादळानंतर चार दिवस वीज नव्हती, रस्त्यावर माड आडवे,
माळगुंडकर सिस्टर फेरीबोटीतून उतरल्या
आणि त्यांची निळी पेटी मी खांद्यावर आणली,
वरच्या वाडीपर्यंत, चिखलातून.
पेटी गार लागत होती मानेला.
पापलेटाला घालतो तसाच बर्फ,
पण मी असा जपून कधी चाललो नव्हतो.
त्याला रकाना नव्हता.
धन्यवाद, दादा, म्हणाली. दादा हे बहुतेक तिचं स्वतःचं.

सातला प्रणिता आली, हात सोड्याने सोललेले,
डबा उघडला, कार्ड काढलं.
दुसऱ्या डोसचा चौकोन रिकामा.
पेन्सिलने तारीख होती, दोन महिने उलटलेली.
बुधवारी सुट्टी देत नाहीत रे, म्हणाली,
आणि तू होतास वेरावळला.
यात रागावण्यासारखं तिने काहीच म्हटलं नाही,
म्हणून मी जेवलो नाही नीट.

बुधवारी मी नेली.
उपकेंद्रात सगळ्या बायका, सरकून जागा दिली त्यांनी,
जरा जास्तच दिली.
वजन किती असेल, सिस्टरांनी सहज विचारलं.
मी रुंजीला दोन हातांवर तोलली:
दहा किलो दोनशे.
काटा दहा दोनशेवर थांबला.
तेवढं एक मला येतं.
मग सुई, मग ती जी किंचाळली
ती पलीकडे धोपाव्याला ऐकू गेली असेल.

घरी येऊन त्या नंबरावर फोन लावला.
सांगणार होतो, बाई, ते हो आजपासून धरा.
या क्रमांकावर येणारे कॉल घेतले जात नाहीत.
म्हणजे देशाच्या वहीत
माझी पोर सहा दिवस आधीच टोचलेली.
कोणाचं काय अडलं.

रात्री ती कण्हत होती.
प्रणिता अंधारात म्हणाली, ताप आहे का रे?
मी कपाळावर हात ठेवला,
इंजिन तापलं की कळतं ज्या हाताला, तोच.
बराच वेळ ठेवला.
माहीत नाही, म्हणालो.
दिवा लाव. थर्मामीटर बघू.